बिनघंटीचं लेकरू

पंखांना कापूस कमी पडला, तेव्हा सुचितानं सरळ कोठ्यात जाऊन विकायच्या कपाशीच्या गंजीत हात घातला. ओंजळी भरभरून कापूस घेतला, सरकीसकट. देवदूतांच्या पंखांत सरकी राहिली तरी आकाशातल्या बापाला त्याचं काही वाटणार नव्हतं. तो काही व्यापारी नव्हता.

"काय करून राह्यली व?" गोपाल दारातून ओरडला. "तो माल हाये!"

"मालच लावून राह्यली मी. देवदूताले काय चिंध्या लावू?"

नवरा गप्प बसला. गप्प बसणं गोपालला चांगलं जमायचं. लग्नाला पंचवीस वर्षं होत आली होती, पण नवरा भांडला असं सुचिताला आठवत नव्हतं. त्याची जीभ बोटांत होती. ढोलकी गळ्यात अडकवली की बोलायचा, उतरवली की मुका.

नाताळ उद्यावर आला होता आणि घर दुधासारखं उतू चाललं होतं. अंगणात दोन चुली पेटल्या होत्या, एकीवर करंज्या, दुसरीवर शेव. ओसरीभर पुठ्ठ्याचे पंख वाळत पडले होते आणि त्यांच्यावरून उड्या मारत पोट्टे पळत होते. टिनावर चढलेले दोघे बांबूला चांदणी बांधत होते.

"अबे, तोंड पूर्वेकडं कर तिचं!" गोपाल खालून म्हणाला.

"काका, चांदणीले तोंड कुठी असते?"

"जिकडं बल्ब जास्त, तिकडं!"

चुलीपुढं बसलेली कौशल्याबाई खदखदून हसली. ही गोपालची मोठी बहीण, जालन्याकडं दिलेली. दर नाताळाला माहेरी यायची ती करंज्या तळायला कमी आणि सगळ्यांना तळायला जास्त. "सुचिते, तुया करंजीचं पोट फुटलं पाय. भावजयीच्या हातची करंजी अन् माह्या भावाची छाती, दोन्हीत सारण कमी."

"आक्का, तुमच्या जिभेत हाये ना सारण. तेच भरते आता."

पुन्हा हशा. सुचिताला हे सगळं हवं होतं. महिनाभर ती याच्यासाठीच झिजली होती. गीतं बसवली, मेंढपाळांच्या घोंगड्या मागून आणल्या, नाटकातल्या हेरोद राजाला मिशी लावली. जेठ राजकुमारच्या, म्हणजे गोपालच्या थोरल्या भावाच्या, खांद्याला खांदा लावून सगळा कार्यक्रम तिनंच आखला होता. मंडप तिच्या डोक्यातला, पैसा त्याच्या खिशातला. असा नाताळ या गावात झाला नव्हता, आणि ती मनातून खूश होती. खोटं कशाला सांगायचं? मागच्या खोलीचं दार ओढून घेतलेलं होतं, हे तिला दिसत होतं आणि तरी ती खूश होती.

इतक्यात बोलेरो अंगणात शिरली.

राजकुमार उतरला तो हात वर करूनच. "नाजूक हाये बे! हळू! फायबरचं हाये ते!" बुलडाण्याला ठेकेदारी करून त्याचा आवाज कायमचा मजुरांवर ओरडायचा झाला होता. मागच्या दारातून चौघांनी बाळ येशूची गव्हाण उतरवली. सोनेरी रंगाची, कडेनं दिव्यांची माळ, शेजारी गाय, बैल आणि एक उंट.

"उंट काऊन?" कौशल्याबाईनं विचारलं.

"सेटमधे येते तो. आता पाहा." राजकुमारनं बटण दाबलं. गायीची मान वर-खाली हलायला लागली, गुर्रगुर्र आवाज करत.

पोट्टे नाचायला लागले. कौशल्याबाईनं झारा खाली ठेवला. "दूध देते का?"

"आक्का, तू ना!" राजकुमारही हसला. मग गाडीच्या पुढच्या दारातून त्याची सून हिमानी उतरली. नगरकडची पोर, बँकेत नोकरीला, कुशीत दिवाळीनंतर झालेला मुलगा. राजकुमारनं नातवाला दोन्ही हातांवर घेतलं आणि सोनेरी गव्हाणीवर धरून पाहिलं, मापाला बरोबर बसतो का ते.

बसत होता.

गावातल्या या ख्रिस्ती मंडळीत दोन रिती होत्या, आणि दोन्ही सुचिताच्या सासऱ्याच्या, म्हाताऱ्या उकंडरावच्या, आईपासून चालत आलेल्या. पहिली रीत घंटेची. देवळासमोरच्या कडुनिंबाला मिशनच्या काळातली घंटा टांगलेली होती. मंडळीत लेकरू जन्मलं की त्याच्या बापानं जाऊन ती वाजवायची. गावात जो कोणी ऐकेल तो विचारायचा, "कोणाच्या घरी?" बापानं मोठ्यानं सांगायचं, "माह्या घरी!" आणि मग ऐकणाऱ्यांनी म्हणायचं, "आलं ते आपलं!" पोरगा असो, पोरगी असो, काळं असो, गोरं असो. आलं ते आपलं. दुसरी रीत नाताळाची. त्या वर्षी मंडळीत सगळ्यात शेवटी जन्मलेलं लेकरू उपासनेत गव्हाणीत ठेवायचं. बाहुली नाही, खरं लेकरू. रडलं तर रडू द्यायचं.

हिमानीच्या मुलासाठी घंटा वाजली तेव्हा गावाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू गेली होती. राजकुमारनं ध्वनिक्षेपक लावला होता.

मागच्या खोलीतल्या लेकरासाठी घंटा वाजली नव्हती. ते लेकरू हिमानीच्या मुलापेक्षा लहान होतं. याच महिन्यात जन्मलं होतं. पुष्पांजलीचं. सुचिता-गोपालची एकुलती एक पोर, संभाजीनगरला दवाखान्यात नर्स. तिथं एका प्रार्थनासभेत गिटार वाजवणारा, डोळे मिटून साक्ष देणारा एक जण तिला भेटला. तिला मागणी घातली. मग आखातात नोकरी लागली म्हणाला. मग फोनच लागेना.

पोर सातव्या महिन्यात घरी आली. लेकरू झालं त्या दिवशी गोपाल आंघोळ करून, टोपी घालून कडुनिंबापर्यंत गेला होता. बापाच्या जागी आजा, असं त्यानं मनाशी ठरवलं असावं. थोड्या वेळानं परत आला.

"वाजवली?" सुचितानं विचारलं होतं.

"दोर ओला व्हता," गोपाल म्हणाला होता. "दव पडलं व्हतं."

दोर ओला असला म्हणून घंटा वाजत नाही, असं कुठं असतं? पण तिलाही तो ओला दोर सोयीचा पडला होता.

"सुचिता, इकडं ये जरा," राजकुमारनं तिला गाडीमागं बोलावलं. आवाज एकदम खाली आला होता. "उद्या जिल्ह्याचे मोठे साहेब येऊन राह्यले. शब्द देल्ला त्याईनं. सोबत बुलडाण्याची मंडळी, फोटोवाले. समजलं ना?"

"समजलं. हार तयार हायेत."

"हार नाई म्हणत मी." त्यानं मागच्या खोलीकडं मान केली. "पुष्पीले उद्या घरातच राहू दे. दार आतून लावून. तिलेही बरं अन् आपल्यालेही बरं. पुढच्या महिन्यात पाहू, तिकडं एखाद्या संस्थेत..."

"कशात?"

"लेकराची सोय होते ना तिथं. चांगले लोक असतात."

गायीची मान हलत होती, गुर्रगुर्र. सुचिताच्या हातात पंख होता. कापसातली सरकी तिच्या अंगठ्याखाली टचकन रुतली.

ती मागच्या खोलीत गेली तेव्हा पुष्पांजली पिशवी भरत होती. भिंत मातीची, खिडकी गाडीच्या बाजूला. ऐकायला काही कमी पडलं नव्हतं.

"सकाळच्या पहिल्या जीपनं धाड गावाले जातो," पोर म्हणाली. रडत नव्हती. नर्सच ती, दुपटी कशी एकावर एक बसवत होती. "तिथून एसटी. एका मैत्रिणीची खोली हाये. नोकरी पाहीन. परत नाई यायची मी, आई. तुले भेटायचं असलं तर तू येजो."

"ओली बाळंतीण अन् एसटीनं जातं?"

"मंग काय करू? दार आतून लावून बसू? किती वरसं? हिचं लग्न होईपर्यंत?" तिनं दुपट्यातल्या पोरीकडं पाहिलं. पोरगी झोपेत तोंड वाकडं करून जांभई देत होती. एवढीशी, माकडासारखी, तळहात गुलाबी. "मले कोणी काही म्हणो आई. माही चूक मी भोगीन. पण हिनं काय केलं? हिच्यासाठी एक घंटा नाई वाजली. कुत्रं व्यालं तरी पोट्टे गावभर सांगत फिरतात."

मग तिच्या पायांनीच ठरवलं. ती तडक गोठ्याकडं निघाली.

गोठ्याच्या तोंडाशी उकंडरावची बाज होती. दिवस कलला होता आणि बाजेभोवती उद्याची बैठक बसली होती. राजकुमार, कौशल्याबाई, तरुण पाळक सहदेव, आणि खांबाला टेकून ढोलकीची शाई चाचपणारा गोपाल. हिमानी लेकरू घेऊन उंबऱ्यावर. सुचिता मधोमध जाऊन उभी राहिली, तोंडावरचा पदर मागं सारून.

"उद्या गव्हाणीत कोणतं लेकरू?"

"हा काय प्रश्न झाला?" राजकुमार म्हणाला. "ठरलं ना."

"रीत काय हाये? शेवटी आलेलं. शेवटी कोण आलं?"

कौशल्याबाईनं पाळकाकडं पाहिलं. पाळकानं बायबलच्या कव्हराकडं पाहिलं.

"सुचिता," राजकुमारनं समजुतीचा सूर लावला, "घंटा वाजली नाई त्या लेकराची. घंटा नाई त लेकरू मंडळीचं नाई. रीतच पाह्यची त पूर्ण पाह्य."

"घंटा वाजवू कोणी देल्ली?"

"अडवलं कोणी व्हतं? वाजवायची व्हती!" तो गोपालकडं वळला. "का रे, मी अडवलं व्हतं?"

गोपालची बोटं ढोलकीवर थांबली. त्यानं मान हलवली. नाही.

"अन् मुलगी हाये ती," कौशल्याबाई म्हणाली. "बाळ येशू मुलगी कसा? लोक काय म्हणतीन?"

"आक्का, तुमालेच ठेवलं व्हतं ना गव्हाणीत? मामंजी दर वरसाले सांगतात. तवा चाललं?"

कौशल्याबाई पदर सारखा करायला लागली.

सहदेव पाळकानं घसा साफ केला. पाळकाचा पगार राजकुमारच्या हातून निघत होता आणि त्याच्या बोलण्यातून तो ऐकू यायचा. "म्हणजे कसं आहे, रिती आपल्या जागी, पण मंडळीपुढे चुकीची साक्ष जाते. विवाहबंधनाबाहेर जे..."

"पाळकसाहेब, मरीयेचं लग्न कधी लागलं व्हतं?"

"तिची मागणी झालेली होती, बाई."

"हिचीही झाली व्हती. मागणी करून गेला तो गेलाच."

"अरे बाप्पा!" कौशल्याबाईनं कानाला हात लावले. "पुष्पीची बरोबरी मरीयेशी करतं?"

"बरोबरी नाई करत आक्का. जागा मागून राह्यली. ती मरीया नसंन, तिची पोरगी येशू नसंन. पण दरसाल आपण मरीयेले दारं लावणाऱ्या त्या बेथलेहेमच्या लोकाईले शिव्या देतो ना? माह्याच पोट्ट्याईकडून देऊन राह्यली मी त्या, महिनाभर, पंख लावून! अन् इथं आपणच दार आतून लावून घ्या म्हणून राह्यलो. मले लाज वाटून राह्यली. तुमची नाई, माही."

राजकुमार उठला. चेहरा लाल झाला होता, पण डोळ्यांत राग नव्हता. काहीतरी जुनं होतं. "तुले काय माईत लाज? शाळेत पोट्टे नाक दाबून बसत माह्यापाशी. 'उकिरड्याचा आला, उकिरड्याचा आला.' का त बापाचं नाव उकंडराव, अन् देवळाले गावानं जागा देल्ली तीही उकिरड्याची. दुसरी कोणी देल्लीच नाई. त्या उकिरड्यावर मी फरश्या टाकल्या सुचिता, माह्या पैशानं. उद्या पह्यल्यांदा एखादा मोठा माणूस आपल्या दारात येऊन राह्यला. एक दिवस. एक दिवस मले उकिरड्याचं काही दाखवायचं नाई कोणाले. एवढं मागितलं त काय चुकलं?"

ते खरं होतं, हे सुचितालाही माहीत होतं. त्यानं केलं ते स्वतःसाठी कमी आणि त्या नाक दाबणाऱ्या पोट्ट्यांसाठी जास्त.

बाजेवरून आवाज आला. "राजकुमार. खाली बस."

उकंडराव भिंतीला पाठ लावून उठून बसला. हाडं आणि घोंगडी, एवढाच उरला होता म्हातारा, पण डोळे जागे. "माहं नाव तुले लागते, माहीत हाये मले. मले नाई कधी लागलं. सांगू काऊन?"

"बाबा, ऐकलं हाये आमी."

"अर्धं ऐकलं. अर्धं सांगितलंच नव्हतं कधी." म्हाताऱ्यानं श्वास घेतला. "माह्या मायची, मंजुळेची, माह्याआधीची सारी लेकरं गेली. मी झालो तवा मले फडक्यात गुंडाळून उकिरड्यावर ठेवलं. दाईनं उचललं अन् सूपभर जवारी घेऊन मायले परत इकलं. तवाची रीतच तशी. मरणानं पाहावं अन् म्हणावं, हे त फेकलेलं हाये, याच्यात काय ठेवलं. अन् निंघून जावं. म्हणून उकंडा. मी वाचलो."

"हाव," कौशल्याबाई हळूच म्हणाली.

"मंग मिशनची मडम आली गावात. तिनं चित्र दाखवलं. म्हणे, देवाचं लेकरू असं गव्हाणीत ठेवलं व्हतं, बैलाच्या तोंडापुढं, चिंध्यात. मायनं पटकन इचारलं, 'काऊन व बाई, देवाचीही लेकरं जगत नव्हती का?'"

हिमानी उंबऱ्यावरून पुढं सरकली. "मग? काय म्हणाली ती?"

"काय म्हणते? मायच रातभर विचार करत बसली. सकाळी उठून मडमच्या दारात गेली अन् म्हणे, बाई, मले समजलं. आमी लेकरू टाकतो ते मरणानं त्याले पाहू नये म्हणून. तुमच्या देवानं टाकलं ते मरणानं त्यालेच पाहावं म्हणून. साऱ्याईच्या लेकराईवरची नजर त्या एकावर पडावी म्हणून. असा देव असंन, त मी त्याच्या घरची."

गोठ्यात बैलानं खुर आपटला. पाळकाच्या हातातलं बायबल मांडीवर उलटं पडलं होतं आणि त्याचं तिकडं लक्ष नव्हतं.

"एवढाच नाताळ हाये बाप्पा," उकंडराव म्हणाला. "टाकलेल्यात येऊन पडला तो. बाकी तुही लायटिंग. लाव, चांगली दिसते. पण टाकलेलं लेकरू बाहेर ठेवशीन अन् त्याचा वाढदिवस आत करशीन, त तो कुठी बसंन? मी वाजवली असती घंटा. माह्या हातात दोर ओढायचं बळ नाई राह्यलं."

म्हाताऱ्याचे डोळे गोपालवर जाऊन थांबले. गोपालनं मान खाली घातली.

राजकुमार काहीतरी बोलणार होता. तोंड उघडलंही होतं त्यानं. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. "हाव साहेब... हाव हाव, सगळं तयार... मंडपातच उतरायचं साहेब..." बोलत बोलत तो अंगणात निघून गेला, आणि बैठक जशी बसली होती तशीच मोडली.

सकाळ उजाडली तीच वाजत. पोट्ट्यांनी उजेडाआधी गावभर गीतं गात फेरी काढली होती, घराघरांतून चहा-चिवडा उकळला होता, आणि आता मंडपात डीजे धडधडत होता. थंडीनं प्रत्येकाच्या तोंडातून वाफ निघत होती. नवी लुगडी, नवे स्वेटर, डोक्यावर लाल टोप्या. शेजारपाजारची हिंदू मंडळी, मोहल्ल्यातली पोरं, सगळी कडेनं उभी. वर चांदणी लुकलुकत होती, तोंड नक्की कुठं ते कळत नव्हतं.

देवळासमोरच रस्त्याच्या पलीकडं जीपा उभ्या राहायच्या. "धाड, धाड, धाड! चला धाड!" हिंमतराव जीपवाला कडुनिंबापर्यंत ऐकू जाईल असा ओरडत होता.

सुचिता मंडपात पोट्ट्यांना पंख बांधत होती आणि डोळा रस्त्यावर होता. पुष्पांजली आली. अंगावर शाल, कुशीत लेकरू, खांद्याला पिशवी. मंडपाकडं न पाहता ती जीपमध्ये चढली.

शेवटचा देवदूत पंखांची वाट पाहत उभा होता. सुचितानं त्याच्याकडं पाहिलं, हातातल्या पंखांकडं पाहिलं, आणि पंख घेऊनच ती रस्ता ओलांडून गेली. जीपमध्ये पोरीशेजारी बसली.

"आई, हे काय? तुहा कार्यक्रम..."

"होईन माह्यावाचून. सरक."

"अन् हे पंख कशाले घेतले?"

"हातातच राह्यले."

हिंमतरावानं आरशातून पाहिलं. "काकू, तुमीही धाडले? नाताळाच्या दिशी?"

"हाव. चाल तू."

"भरू द्या ना दोन शिटा."

मंडपात डीजे थांबला. पाळकाचा आवाज माइकवरून आला, साहेबांना थोडा उशीर आहे, पण आपण सुरुवात करू. हिमानी मुलाला घेऊन गव्हाणीकडं निघालेली सुचिताला दिसली. राजकुमार हार घेऊन रस्त्याकडं तोंड करून उभा होता. फक्त ढोलकी वाजायला हवी होती आणि ती वाजत नव्हती.

"जाऊ द्या, निंघतो," हिंमतराव म्हणाला आणि त्यानं किल्ली फिरवली.

आणि घंटा वाजली.

एकदा. मग दुसऱ्यांदा. मग अशी सुटली की कडुनिंबावरचे पक्षी भरारा उडाले. हिंमतरावचा हात किल्लीवरच थांबला. त्यानं इंजिन बंद केलं आणि लहानपणापासूनच्या सवयीनं खिडकीतून डोकं काढून ओरडला, "कोणाच्या घरी?"

कडुनिंबाखाली गोपाल होता. गळ्यात ढोलकी, दोन्ही हातांत दोर, टोपी कुठं तरी पडलेली. छाती धपापत होती. सगळा मंडप मागं वळून त्याच्याकडं पाहत होता, आणि राजकुमार हार धरून जिथल्या तिथं खिळला होता.

गोपालच्या तोंडातून आवाज निघेना. सुचितानं जीपच्या दांडीला गच्च धरलं. बोल. जन्मभर नाही बोललास, आता बोल.

"माह्या घरी!"

आवाज फाटला, पण निघाला. मग तो थांबेचना. "माह्या घरी! पुष्पांजलीले पोरगी झाली! नात झाली मले! महिना होत आला, मी सांगितलं नाई! भेलो व्हतो मी! आता सांगून राह्यलो, पोरगी झाली!"

मंडपात पान हललं नाही. एवढी माणसं, एवढ्या लाल टोप्या, आणि एकाच्याही तोंडून उत्तर येईना. जो तो राजकुमारच्या तोंडाकडं पाहत होता. पुष्पांजलीनं लेकरू छातीशी आवळलं.

"आलं ते आपलं!"

हिंमतराव. अर्धा खिडकीबाहेर. ना मंडळीतला, ना देवळातला, कपाळाला सकाळचा बुक्का लावलेला. त्यानं वर हॉर्नही दाबून धरला. "काय हो, झोपले का सारे? आलं ते आपलं!"

"अव बाई!" मंडपातून कौशल्याबाई गरजली. "जीपवाल्याले समजलं अन् आपण दगड होऊन बसलो! थू आपल्या टोप्याईवर! आलं ते आपलं!"

मग कोणी कोणाचं ऐकलं नाही. आधी पोट्टे ओरडले, मग बाया, मग कडेनं उभी असलेली निम्मी गावकरी मंडळी, आणि सगळ्यांत शेवटी, पण माइकवरून, सहदेव पाळक. "आलं ते आपलं! आलं ते आपलं!"

पुष्पांजली जीपमधून कशी उतरली तिलाही कळलं नाही. सुचिता पंख हातात घेऊन तिच्यामागून पळत होती. रस्ता, कडुनिंब, राजकुमारच्या फरश्या. त्या फरश्यांखाली उकिरडा होता आणि आज प्रथमच सुचिताला पायाखाली तो जाणवला, उबदार.

गव्हाणीपाशी हिमानी मुलाला घेऊन उभी होती. तिनं त्याला ठेवलंच नव्हतं. "काकू, लवकर या ना. याला एकट्याला भीती वाटते उंटाची." मग पुष्पांजलीला, "ताई, आधी तिला ठेवा. शेवटी ती आली. हा कडेला मावेल."

पुष्पांजली वाकली आणि थांबली. राजकुमार समोर आला होता. हार अजून हातात. त्यानं एकदा पुतणीकडं पाहिलं, एकदा दुपट्यातल्या त्या माकडासारख्या तोंडाकडं. गायीची मान गुर्रगुर्र हलत होती.

तो खाली बसला. गायीमागं हात घालून त्यानं वायर शोधली आणि उपटून काढली. गाय मान खाली घालून थांबली.

"बोट सापडंन तिचं त्याच्यात," तो खाली पाहतच म्हणाला. "ठेव आता."

पोरीला ठेवलं. शेजारी हिमानीचा मुलगा. फायबर थंडगार होतं. सुचितानं ते हातानं चाचपलं आणि हातातले पंख पाठीखाली अंथरले. सरकी टोचत असावी, दोघंही एकदम रडायला लागली. ढोलकी सुरू झाली. गोपाल असा वाजवत होता की गीत त्याच्यामागं धापा टाकत पळत होतं, आणि राजकुमारनं साहेबांचा हार कुठं ठेवावा हे न कळून तो शेवटी उंटाच्या गळ्यात घातला.

दुसरं कडवं चालू असताना साहेब आले. पांढरी गाडी, मागं दोन माणसं. "सुरू झालं वाटतं?" त्यांनी खुर्चीवर बसलेल्या म्हाताऱ्याला विचारलं.

"झालं साहेब," उकंडराव म्हणाला. "बसा, जागा असंन तिथी."

साहेब सतरंजीवर बसले.

हिंमतराव पुष्पांजलीची पिशवी घेऊन देवळाच्या पायरीशी आला. चपला काढल्या, पिशवी नीट भिंतीला टेकवून ठेवली, कोणीतरी हातावर ठेवलेली करंजी तोंडात कोंबली आणि तशाच भरल्या तोंडानं "धाड, धाड" करत निघून गेला.

गीत संपलं तेव्हा गोपाल घामानं निथळत सुचिताजवळ आला. तळहात दाखवले. दोरानं लाल झाले होते.

"आजही ओला व्हता दोर," तो म्हणाला.